आरोग्यसेवा सरकारने सगळ्यांना पुरवावी का, की ज्याने त्याने आपापला विमा काढावा?

हो, सरकारनेच पुरवावी. सगळ्यांना, आणि उपचाराच्या वेळी काउंटरवर पैसे न मागता. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की फुकट मिळालं की लोक उगाच गर्दी करतात, म्हणून थोडे तरी पैसे लावावेत; आणि म्हाताऱ्या आई-वडिलांचं मुलं बघतातच. ही दोन्ही वाक्यं मी घरात वर्षानुवर्षं ऐकतेय, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझ्या आईला ब्लडप्रेशर होतं. गोळ्या कायमच्या. बाबा गेल्यावर तिचं सगळं दादा बघायचा, आणि नीट बघायचा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आईला मागायचा संकोच. घरखर्चाला दिलेल्या पैशातून आपल्या औषधावर खर्च झाला की तिला ते मनाला लागायचं. मग तिने कुणाला न सांगता गोळ्या अर्ध्या करून घ्यायला सुरुवात केली. पुढे तर अर्धीही एक दिवसाआड. चक्कर आली की "रात्री झोप लागली नाही" म्हणून वेळ मारून न्यायची.

एका सकाळी तिला केसांना पिन लावता येईना. उजवा हात वर जाईना आणि बोलणं जड झालं. स्ट्रोक. हॉस्पिटलात नर्सने चालू औषधं विचारली म्हणून मी तिची पिशवी उपसली. गोळ्यांच्या पाकिटाचं फॉइल ठिकठिकाणी अर्धंच उचकटलेलं, आणि आत सुरीने कापलेल्या अर्ध्या गोळ्या, कडांचा भुगा झालेला. पाकिटावरची खरेदीची तारीख बघितली तर ते कधीच संपायला हवं होतं.

आई वाचली, पण हात पहिल्यासारखा झाला नाही. बिल दादाने भरलं, एका शब्दानेही कुरकुर न करता. आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद आहे: "मागितले असते तर मी दिले नसते का?" दिले असतेस रे! पण ब्लडप्रेशरच्या गोळीसाठी आईने पोटच्या पोरापुढे तरी का हात पसरावा? ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी सरकारी सेवा, असं सगळे धरून चालतात. आमच्या घरात पैसे होते. फक्त ते तिचे नव्हते. घराघरात अशी माणसं असतात, विशेषतः बायका, ज्यांची तब्येत दुसऱ्याच्या खिशावर अवलंबून असते. उत्पन्नाचा दाखला बघून मोफत उपचार देणाऱ्या योजनेत अशी माणसं कधीच बसत नाहीत.

विम्याचं म्हणाल तर दादाने तेही करून बघितलं होतं. आईचं वय आणि आधीपासूनचं ब्लडप्रेशर कळल्यावर कंपनीने असा हप्ता सांगितला की विषय तिथेच मिटला. आणि पॉलिसी मिळाली असती तरी ती अ‍ॅडमिट झाल्यावरची. रोजची गोळी त्यात नव्हतीच. म्हणजे स्ट्रोकचे पैसे मिळणार, स्ट्रोक टाळणाऱ्या गोळीचे नाही. नफ्यावर चालणाऱ्या कंपनीचं गणित आजारी माणसाला टाळूनच जुळतं, त्यात एजंटचा काही दोष नाही. जर्मनीने तर १८८३ मध्येच कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला. सगळे आत असले तरच विमा चालतो, आणि सगळ्यांना सक्ती केली की तो जवळजवळ करच झाला.

आता "फुकट मिळालं की गर्दी करतात" हे. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड नावाच्या संशोधन संस्थेने यावर मोठा प्रयोग केला. काही कुटुंबांना उपचार पूर्ण मोफत, बाकीच्यांना कमीजास्त वाटा स्वतः भरायचा, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. पैसे भरावे लागले तिथे लोक दवाखान्यात कमी गेले, हे खरं. पण त्यांनी गरजेचे आणि बिनगरजेचे उपचार साधारण सारखेच कमी केले. कुठला खर्च टाळायचा हे रुग्णाला कळत नाही, ते कळण्यासाठीच तर डॉक्टर लागतो. आणि ज्या गरीब माणसांना ब्लडप्रेशर होतं, त्यांचं ब्लडप्रेशर मोफत गटात जास्त आटोक्यात राहिलं. हे वाचलं तेव्हा मी दादाला रात्री फोन केला होता. सरासरी माणसाच्या तब्येतीत मात्र फारसा फरक दिसला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे आणि दादा नेमकं तेवढंच उचलतो. सरासरी माणूस धडधाकट असतो, त्याला फरक पडेल कशाला?

एक सांगायचं राहिलं. "सरकारी" म्हणजे दवाखाना सरकारचाच असायला हवा असं नाही. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा हॉस्पिटलंच सरकारने ताब्यात घेतली. कॅनडात डॉक्टर बहुतेक खाजगीच, बिल तेवढं सरकार भरतं. दोन्हीकडे गुडघ्याच्या ऑपरेशनसारख्या गोष्टींना लांबलचक रांगा आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही, आणि कर भरावा लागतो तो वेगळाच. शिवाय कॅनडाच्या मूळ योजनेत हॉस्पिटलाबाहेरची औषधं धरलेलीच नव्हती, म्हणजे तेवढ्या योजनेवर माझ्या आईला गोळ्या अर्ध्याच कराव्या लागल्या असत्या. वेल्सने २००७ मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांवरचं शुल्क काढून टाकलं, ते मला जास्त पटतं.

सगळं एकदम परवडत नसेल तर सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर माझ्या मते रोजच्या गोळ्यांपासून: ब्लडप्रेशर, मधुमेह, दमा, फिट्स. यातली बरीच औषधं जुनी आहेत, पेटंट कधीच संपलेली. सरकारने घाऊक घेतली तर आणखी स्वस्त पडतात. दादा म्हणतो आधी मोठी ऑपरेशनं फुकट करा, गोळ्यांचं लोक बघून घेतील. आईच्या काही वर्षांच्या गोळ्यांचा खर्च मी त्याला लिहून दिलाय. आयसीयूच्या बिलाचा आकडा त्याच्याकडे आहेच, भरलंय त्यानेच. दोन्ही शेजारी ठेवून तो अजून काही बोललेला नाही.