स्वित्झर्लंडमध्ये सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आई दोघींना झेपेल अशी, हिमनदी दाखवणारी पायवाट कोणती?

मोर्टेराच हिमनदीच्या वाटेला जा, दुसरा विचार करू नका. सेंट मॉरिट्झहून बर्निना रेल्वेमार्गाची लाल गाडी पकडली की ती थेट वाटेच्या तोंडाशी, १,८९६ मीटरवर सोडते. उंची सगळी गाडीनेच चढलेली असते. पुढे जेमतेम तीन किलोमीटर खडीची रुंद वाट आणि अंगाला न जाणवणारा चढ. माझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, तरी ती आरामात आली. एरवी तासाभराची वाट. लेकरं बरोबर असतील तर दीड तास धरा.

पण ही वाट मी सुचवतोय ती तिथल्या पाट्यांसाठी. वाटेत ठिकठिकाणी वर्षं लिहिलेल्या पाट्या आहेत. त्या त्या वर्षी बर्फाचं टोक तिथपर्यंत होतं. आमचा मुलगा पुढची पाटी गाठायला पळत सुटायचा, त्यामुळे ‘अजून किती लांब?’ हा प्रश्न एकदाही आला नाही. आईच्या जन्माच्या आसपासचं वर्ष आलं तेव्हा ती पाटीवर हात ठेवून उभी राहिली. बर्फ तिथून अजून कितीतरी मागे होता. कुणीच काही बोललं नाही.

झाडांकडेही मुलीचं लक्ष वेधा. स्टेशनजवळ उंचच उंच लार्च, म्हणजे सुईसारख्या पानांची झाडं. जसजसे पुढे जाल तसतशी झाडं बुटकी होत जातात. एका ठिकाणी ती बरोबर मुलाच्या खांद्याला लागली. शेवटी नुसतं शेवाळ आणि दगड, कारण ती जमीन बर्फाखालून परवापरवा मोकळी झाली आहे. शेजारून वाहणारं पाणी दुधट करडं दिसतं. हिमनदीने दळलेल्या खडकाची पूड असते ती.

आता बर्फ बराच वर सरकलाय, त्यामुळे वाट संपते तिथून तो लांबूनच बघायचा. त्यापुढे मुळीच जाऊ नका, दगड आणि बर्फ कोसळतात. बर्फावरून गार वारा येतो, तेव्हा भर उन्हाळ्यातही आईंसाठी कानटोपी घ्या. बाबागाडी बऱ्याच अंतरापर्यंत जाते. जून ते ऑक्टोबर हे दिवस चांगले.

आणि हो, मोर्टेराचला गाडी मागितली तरच थांबते. डब्यातलं बटण वेळेवर दाबा.