वाचकांचे प्रश्न : १२० रुपयांचा अडॅप्टर

प्रश्न : राउटरचा अडॅप्टर जळाला म्हणून तपकीर गल्लीतून १२ व्होल्ट, २ अँपिअरचा १२० रुपयांना आणला. मल्टिमीटरवर १२.२ व्होल्ट दिसतात, तरी संध्याकाळी राउटर सारखा रिस्टार्ट होतो. लॅन पोर्टच्या पत्र्याला बोट लागलं की बारीक करंटही जाणवतो. दोष कुणाचा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : संशय अडॅप्टरवर घ्या आणि आजपासून तो वापरू नका.

रिस्टार्टचं कारण साधं आहे. १२.२ हे लोड नसतानाचं, म्हणजे अडॅप्टरला काहीच जोडलेलं नसतानाचं रीडिंग. संध्याकाळी घरातले सगळे फोन, टीव्ही वाय-फायवर आले की राउटर जास्त करंट ओढतो, आणि लेबलवरचे २ अँपिअर देण्याची ताकद आत नसली की व्होल्टेज बसतं.

करंट जाणवण्याची गोष्ट जास्त गंभीर. अडॅप्टरमध्ये २३० व्होल्टचे आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. ते आणि तुमचं बोट यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन, ऑप्टोकपलर (वायरने न जोडता प्रकाशातून सिग्नल पोचवणारा भाग) आणि एक लहान ‘वाय’ कपॅसिटर एवढंच असतं. या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट झिरपतो, त्यामुळे चांगल्या दोन पिनी अडॅप्टरलाही कधी मुंग्या जाणवतात. पण चांगल्यात तिथे वाय-१ वर्गाचा कपॅसिटर असतो, जो बिघडला तरी शॉर्ट होऊ नये अशा बेताने बनवलेला असतो. स्वस्तातल्यात काही वेळा साधा डिस्क कपॅसिटर लावतात. तो शॉर्ट झाला की मेन्सची वीज थेट लॅनच्या पत्र्यावर. बोर्डावर मेन्सची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांत साधारण ६ मिलिमीटर अंतर हवं, तिथे स्वस्तातल्यात काही वेळा एक-दोन मिलिमीटरच सोडलेलं असतं. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात त्यावर बसलेली धूळ ओली झाली की तेवढंही पुरत नाही. बाहेरून पाहून यातलं काहीच कळत नाही. अशा वेळी एमसीबीवर, म्हणजे जास्त करंट गेला की पडणाऱ्या घरातल्या स्विचवर, विसंबू नका. माणसाला मारणारा करंट तिच्या हिशेबी नगण्य असतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवलेली असेल तरच ती पडेल.

नवा घेताना लेबलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक पाहा, आणि तो दुकानातच ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाका. क्रमांक दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर परत द्या. घरी आणल्यावर अडॅप्टरच्या १२ व्होल्टच्या टोकांना ६.८ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर लावून व्होल्टेज मोजा. त्यातून सुमारे पावणेदोन अँपिअर जातात. व्होल्टेज ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवं. रेझिस्टर फरशीवर ठेवा, चटका बसेल इतका तापतो. त्याऐवजी गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब नको. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी जास्त करंट ओढते आणि चांगला अडॅप्टरही नापास दिसतो.

जुना उघडून बघू नका. प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर चार्ज धरून असू शकतो.

प्रश्न : १ अँपिअरच्या जागी २ अँपिअरचा चालेल का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : चालेल. उपकरण हवा तेवढाच करंट घेतं. व्होल्ट मात्र तेच हवेत आणि लेबलवरची प्लस-मायनसची खूण जुळायला हवी. पिनही बघा : २.१ मिलिमीटरच्या सॉकेटमध्ये २.५ चा प्लग बसतो, पण सैल राहतो आणि तिथेच तापतो.