पक्ष्यांच्या फोटोंसाठी ५०० मिमीची मिरर लेन्स घ्यावी की १५०-६०० मिमीची झूम?

उडते पक्षी टिपायचे असतील तर झूमच घ्या. मिरर लेन्समध्ये प्रकाश दोन आरशांवरून मागे-पुढे फिरतो, म्हणून ती आखूड आणि हलकी असते. कडांना जांभळी-हिरवी झाकही फारशी येत नाही. पण अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, बहुधा एफ/८ या मापावरच कायम. त्यात मधला छोटा आरसा प्रकाश अडवतो, म्हणजे उजेड एफ/८ पेक्षाही कमी मिळतो. फोकस बहुतेक लेन्समध्ये हातानेच करावा लागतो. मिनोल्टा कंपनीची आपोआप फोकस करणारी ५०० मिमी लेन्स हा अपवाद. शिवाय मागे पाण्यावरची चमक असेल तर पोकळ वर्तुळं उमटतात. फांद्यांच्या गर्दीत तर बारीक काड्यासुद्धा दुहेरी दिसतात, आणि मला ते फार खुपतं. चंद्र किंवा निश्चल उभा बगळा टिपायचा असेल, सोबत भक्कम ट्रायपॉड असेल, तर मिरर लेन्स जरूर वापरा.