'आता कुठल्या तोंडाने फोन करू?'

लातूरला समुपदेशन करताना हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, याची गणती नाही. पुण्यातली नोकरी सुटून गावी परतलेला इंजिनिअर, सनद घेऊन दोन वर्षं झाली तरी कोर्टात एकटाच बसणारा वकील, लग्नानंतर गाव बदललेल्या मुली. सुरुवात ठरलेली: 'मॅडम, आपल्या काही ओळखी नाहीत.' थोडं खोदलं की कळतं, ओळखी असतात. फोन लावायला हात धजत नाही.

त्यातल्या एकीची हकिगत सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

ती चौतीस वर्षांची, बी. फार्म. लग्नाआधी वाळूजच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती. लग्न होऊन औसा तालुक्यात आली, मुलगी झाली आणि सहा वर्षं घरातच गेली. आता मुलगी शाळेत जाऊ लागली होती, हिला काम हवं होतं. 'माझं नेटवर्कच राहिलं नाही,' म्हणाली. मी तिला मोबाईल काढायला लावला आणि वाळूजच्या दिवसांतले नंबर मोजायला सांगितले. सदतीस निघाले.

'मग अडचण काय?'

'सहा वर्षं एकीलाही विचारलं नाही, कशी आहेस म्हणून. आता काम पडलं तर कुठल्या तोंडाने फोन करू? म्हणतील, कामापुरता मामा.'

पहिल्या तीन भेटी या वाक्याभोवतीच फिरल्या. माझी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दल मनात धरलेला हट्ट माणसाला जास्त छळतो, आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो: 'च'. तिचंच म्हणणं मी कागदावर लिहिलं. 'मी संपर्क ठेवायलाच हवा होता. मी कुणाला स्वार्थी वाटताच कामा नये.' दोन्ही 'च'भोवती गोल केले. तिने मान डोलावली, पण चेहऱ्यावरचा ताण तसाच होता. मग एलिस यांची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या वर्षी त्यांना अनोळखी बायकांशी बोलायची धास्ती वाटायची. म्हणून ते न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जात राहिले आणि बाकावर बसलेल्या बायकांशी बोलत राहिले. सुमारे शंभरजणींशी बोलले. भेटायला यायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही. धास्ती मात्र गेली.

ती हसली. 'ते पुरुष होते, मॅडम.'

खरंच होतं तिचं. उत्तर तिच्याच शिवारात शोधायला हवं होतं.

चौथी भेट येळवस होऊन चार दिवसांनी झाली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आमच्या लातूर-धाराशिवकडे रस्ते ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, आणि भज्जी, उंडे, आंबील. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावतंच. ती अजून दमलेलीच होती. मी सहज विचारलं, 'किती माणसं होती?'

'चाळीस-पंचेचाळीस.'

'सगळी जवळची?'

'कुठली! सासऱ्यांसोबत नोकरीला होते ते एक साहेब, दिराच्या वर्गातले दोघं, आमच्याकडं पूर्वी भाड्यानं राहायच्या त्या काकू. वर्षातून त्या एका दिवशीच दिसतात.'

'वर्षभर तोंड दाखवलं नाही आणि जेवायला बरे आले, असं आलं का मनात?'

ती थांबली. 'नाही हो. उलट बरं वाटलं. काकू तर दोन वर्षांनी आल्या. सासूबाईंनी डबा भरून दिला त्यांना. त्या म्हणतात, आलेलं माणूस तसंच गेलं तर जिवाला लागतं.'

मी काहीच बोलले नाही. या कामात मी जे काही कमावलं, त्यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे अशा वेळी गप्प बसणं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. दोनेक मिनिटं गेली असतील. मग हळू आवाजात म्हणाली, 'म्हणजे मी त्यांना हलक्या मनाचं समजत होते. आम्हाला द्यायला आवडतं, तसं त्यांनाही आवडत असेल की.'

त्या दिवशी मीही शिकले. तोवर मी तिच्या स्वतःबद्दलच्या मताशी झटत होते. संकोचाच्या तळाशी समोरच्याबद्दलचं मत असतं, तो हिशोबीच असणार हे मत, ते तिने मला दाखवलं. तेव्हापासून 'ओळखी नाहीत' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते: तुझ्याकडे कुणी असं वर्षांनी आलं, तर तुला काय वाटतं?

वर्षातून एकदा दिसणाऱ्या माणसांना कमी लेखू नका. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, ज्याच्यामुळे मिळाली तो किती वेळा भेटायचा. १९७३ साली छापलेल्या त्या लेखात उत्तर आहे. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे जेमतेम १७ टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे २८ टक्के. उरलेले मधले, अधूनमधून भेटणारे. पाहणी लहान होती, पण कारण सरळ आहे. रोजच्या माणसाला जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्याकडे असते.

मग निरोप लिहायला बसलो. पहिला खर्डा निम्मा माफीचाच होता. तो खोडून उरला तो असा: 'ताई, मी वाळूजला तुमच्या लॅबमध्ये होते. एचपीएलसीचा कॉलम धुवायला तुम्हीच शिकवलं होतं. आता लातूरकडे असते. सहा वर्षांच्या खंडानंतर सुरुवात कुठून करावी, यावर पाच मिनिटं बोलता येईल का? जमलं नाही तरी हरकत नाही.' कॉलमची, म्हणजे औषध तपासायच्या यंत्रातल्या नळीची, आठवण तिचीच. मी एवढंच पाहिलं की मागणं लहान आहे आणि नाही म्हणायलाही वाट ठेवली आहे. नोकरी मागितली की माणूस अवघडतो, माहिती विचारली की बोलायला लागतो.

पाच जणांना गेला. दोघींचं उत्तर नाही. एकीने जागा नसल्याचं कळवलं. लॅबमधल्या ताई तासभर जुन्या गप्पा मारत राहिल्या. पाचवा दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणात भेटलेला मुलगा, मोबाईलमध्ये नाव नुसतं 'ट्रेनिंग'. त्याने विचारलं, फार्मसी कौन्सिलची नोंदणी चालू आहे का? ती केव्हाच संपली होती. हिच्या डोळ्यांसमोर फक्त कारखाने होते. औषध दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच, हे डोक्यातच नव्हतं. उजळणी वर्ग केला, नूतनीकरण झालं, आणि त्या वर्गात शेजारी बसलेल्या बाईकडून लातूरच्या एका रुग्णालयातल्या औषध विभागाची जागा कळली.

रुजू झाल्यावर मी तिला एका कामासाठी हटून बसले: पाचही जणांना बातमी कळव. जागा नाही म्हणालेल्या मैत्रिणीलाही, उत्तर न देणाऱ्या दोघींनाही. बहुतेक लोक इथेच चुकतात. काम झालं की गप्प बसतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तोंड चोरतात. सकाळी फुलांची चित्रं पाठवून संबंध टिकत नाहीत. 'तुम्ही सांगितलं होतं, त्याचं असं झालं' एवढं एक वाक्य वर्षभर पुरतं. आहेराची वही लिहिणाऱ्या घरातलीच मी. वही ठेवा, पण त्यात कोणी काय दिलं याबरोबर कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची मुलगी दहावीला आहे, हेही लिहा.

उत्तर न देणाऱ्यांपैकी एकीचा निरोप पाच महिन्यांनी आला. 'बाळंतपणात होते गं, आत्ता पाहिलं. कशी आहेस?' तिने तो मला मुद्दाम येऊन दाखवला.

'काय उत्तर दिलंस?'

'येळवशीला ये म्हटलं. बाळाला घेऊन.'