लेबल काढतोयस तर आधी कागद कर

प्रिय दोस्ता,

फ्री जॅझचं, म्हणजे ठरलेल्या चाली-तालात न अडकता वाजवलेल्या जॅझचं, स्वतःचं लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी सुरू करायचं ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं, मनापासून सांगतो. पहिल्या रेकॉर्डच्या किती कॉपी काढू, असं विचारलंयस. कमीच काढ. १९६८ च्या मे महिन्यात जर्मन सॅक्सोफोनवादक पेटर ब्रोट्झमननी ब्रेमेनच्या एका क्लबात आठ जणांना घेऊन 'मशीन गन' रेकॉर्ड केलं, तीन सॅक्सोफोन, दोन बास, दोन ड्रमर आणि एक पियानो, आणि कुठल्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच छापलं, फक्त ३०० कॉपी. कव्हरसुद्धा स्वतःच केलं, माणूस चित्रकार होता ना! आज युरोपातल्या फ्री जॅझचं नाव निघालं की पहिल्यांदा हीच रेकॉर्ड आठवते.

पण मला खरी काळजी कागदाची, म्हणजे वादकांशी करायच्या लेखी कराराची आहे. न्यूयॉर्कचं ईएसपी-डिस्क हे लेबल बघ, बर्नार्ड स्टोलमन नावाच्या वकिलाने काढलेलं. काय ऐकवायचं ते फक्त कलाकारच ठरवणार, असं ते कव्हरवर छापायचे, आणि त्याच लेबलमुळे सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरचं १९६४ चं वादन आपल्यापर्यंत पोचलं, याचं मोल मोठंच आहे. तरी नंतर बऱ्याच वादकांनी पैसे मिळाले नाहीत म्हणून उघड तक्रारी केल्या.

बरं, लेबल वादकांच्याच हातात असलं की सगळं सुटतं असंही नाही. लंडनचं इन्कस हे लेबल १९७० मध्ये डेरेक बेली, इव्हान पार्कर आणि टोनी ऑक्सली या वादकांनीच काढलं, पहिली रेकॉर्ड पार्कर, बेली आणि ड्रमर हान बेनिंकची. पुढे बेली आणि पार्कर वेगळे झाले आणि ती रेकॉर्ड कित्येक वर्षं मिळतच नव्हती, शेवटी २००६ मध्ये पार्करनी स्वतःच्या 'साय' (psi) लेबलवर पुन्हा काढली. इतकं सुंदर काम, आणि ऐकायलाच मिळू नये?

आपल्या संगीतात तर बहुतेक वेळा आधी लिहिलेली चाल नसते, जे वाजलं ते सगळ्यांनी मिळून त्याच क्षणी घडवलेलं, मग संगीतकार म्हणून एकाचंच नाव घालणं सरळ अन्याय आहे, सगळ्यांची घाल, वाटा सारखा ठेव. मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं, स्टुडिओचा खर्च आधी वळता करायचा का, वादकांना कॉपी किती, आणि स्टॉक संपल्यावर तू पुन्हा काढली नाहीस तर किती वर्षांनी त्यांना दुसरीकडे काढता येईल, हे सगळं साध्या भाषेत एका पानावर लिही आणि सगळ्यांच्या सह्या घे. मैत्री आहे म्हणून टाळू नकोस.

रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याला ॲडव्हान्स भरायच्या आधी ते पान मला पाठव, मी नीट वाचून कळवतो.