मालवणला प्रथमच जाणाऱ्या करवीरकरास

आपण कोल्हापुराहून निघून गगनबावड्याच्या घाटाने किंवा राधानगरीवरून फोंडा घाटाने उतरणार असाल, तर मालवणसाठी किमान तीन दिवस राखून ठेवावेत, कारण एका दिवसात किल्ला आणि मासळीचे ताट यांपलीकडे काही हाती लागत नाही. सिंधुदुर्ग अवश्य पाहावा. १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू झाले, आणि चहूकडे खारे पाणी असूनही आतील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. मालवणचे बंदर १८१२ च्या तहाने इंग्रजांकडे जाईपर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींचे होते, ही गोष्ट आपल्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक असते.

गाव मात्र किनाऱ्यावरच कळते. पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांजवळ, त्यांच्या कामाच्या आड न येता, उभे राहावे. नंतर देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा पाहावी आणि परतताना धामापूरचा तलाव. पावसाळ्यात किल्ल्याकडे होड्या जात नाहीत, जून-जुलैत यांत्रिक मासेमारीही बंद असते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. आणि तिथे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची चौकशी करू नये, सोलकढी मागावी.