शाकारणीला आलेला गडी छपरावरून पडला

प्रश्न: मी मुंबईत असतो. मे २०२५ मध्ये आईने गुहागरजवळच्या आमच्या कौलारू घराच्या शाकारणीला (कौलं परतून बसवायला) एका गड्याला रोजावर बोलावलं. शिडी आमचीच. वळवाची सर पडून गेली होती. शेवाळावरून पाय घसरून तो खाली आला, मांडीचं हाड मोडलं. त्याचा भाऊ म्हणतो, एक लाख द्या, स्टॅम्पपेपरवर मिटवू. शेजारी सुचवतात, काम उक्तं दिलं होतं असं सांगा.

उत्तर: शेजाऱ्यांचं ऐकू नका. उक्तं म्हणजे त्याने आपली माणसं, आपली शिडी आणून ठरल्या पैशात काम पुरं करणं. तसं असतं तर तुमच्यावर भरपाई सहसा आली नसती. इथे रोज दिला, शिडी तुमची, आणि कुठलं कौल बदलायचं हे बहुधा आईच अंगणातून सांगत असणार. अख्खी वाडी साक्षीला आहे.

'वर्षातून एकदा येणारा माणूस आमचा नोकर कसा?' ही पळवाट १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात २००० साली झालेल्या दुरुस्तीने बंद झाली. त्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून आली, पण तुमचा अपघात आधीचा. त्याला १९२३ चा कायदाच लागतो. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कोणाला कर्मचारी धरायचं त्या यादीत, एकमजली घरासाठी अट आहे: जमिनीपासून आढ्यापर्यंत (छपराच्या सर्वांत उंच टोकापर्यंत) १२ फूट किंवा जास्त. टेप लावा, जोत्यासकट. एका प्रकरणात मी स्वतः अंगणात टेप धरून उभा होतो, पावणेतेरा भरले! कमी भरलं, तर त्याला दिवाणी कोर्टात तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागेल, आणि ओल्या कौलांवर चढवणं हा मुद्दा तिथे तुम्हाला जडच जाईल.

स्टॅम्पपेपरवर 'यापुढे हक्क नाही' लिहून घेतलंत तरी याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ते रद्दबातल. दोन वर्षांच्या आत तो दावा लावू शकतो. तडजोड करायचीच, तर कलम २८ खाली या कायद्याच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवा. रक्कम डॉक्टर कमाईची क्षमता किती टक्के गेली म्हणतात त्यावर. हिशेबाला पगार महिना १५,००० पर्यंतच धरतात. दवाखान्याचा खर्च वेगळा, भरपाईतून वळता होत नाही. पावत्या जपा.

राहिलेली शाकारणी कौलं पूर्ण सुकल्यावर, फळ्या टाकून आणि कमरेला दोर बांधूनच करून घ्या. दोर छपराच्या जाड वाशाला बांधा, त्यावरच्या बारीक रिपेला नको.